दोन वर्षांच्या कॉलेजातून परदेशातील एक सत्र

आमच्या प्रतिनिधीकडून

अमेरिकन विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी जातो असे म्हटले की डोळ्यांसमोर एखाद्या नामांकित, महागड्या विद्यापीठातील तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी येतो. लंडन, पॅरिस किंवा फ्लॉरेन्समध्ये एक सत्र घालवायचे, आजूबाजूचे चार देश पाहायचे आणि परत येऊन पदवी पुरी करायची, ही तिकडची जुनी रीत. परंतु घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या आणि संध्याकाळी दुकानात काम करून पुस्तकांचे पैसे उभे करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही वाट मोकळी आहे, हे त्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर याची चर्चा क्वचितच ऐकू येते. मुलगी कम्युनिटी कॉलेजात जाते हे सांगतानाच जिथे पालक किंचित संकोचतात, तिथे त्याच कॉलेजातून परदेशी जाण्याचा विषय निघणार कसा?

हा संकोच अनाठायी आहे. या कॉलेजांना तिकडे पूर्वी सर्रास 'ज्युनियर कॉलेज' म्हणत. काहींच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, त्यामुळे मराठी माणसाची येथे हमखास गल्लत होते. अमेरिकेतील ज्युनियर किंवा कम्युनिटी कॉलेज म्हणजे बारावीनंतरची, पदवीची पहिली दोन वर्षे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी असे पहिले सार्वजनिक कॉलेज सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज देशभरात अशी हजाराहून अधिक कॉलेजे असून एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. दोन वर्षांनी 'असोसिएट' पदवी घ्यावी, किंवा तेवढे क्रेडिट जमवून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवावा, असा येथील क्रम असतो. या दुसऱ्या मार्गाला 'ट्रान्स्फर' म्हणतात आणि पुढील सारे विवेचन या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

प्रथम आकडे पाहू. २०१८-१९ या वर्षात अमेरिकेतील ३,४७,०९९ विद्यार्थ्यांनी परदेशात जाऊन क्रेडिट मिळवले. कोविडच्या तडाख्याने २०२०-२१ मध्ये ही संख्या १४,५४९ वर घसरली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा २,८०,७१६ पर्यंत चढली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजांत शिकतात. परदेशी जाणाऱ्यांत मात्र त्यांचा वाटा वर्षानुवर्षे दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. पैशाची चणचण हे याचे उघड कारण, पण एकमेव नव्हे. या कॉलेजांतील जवळजवळ दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. कोणाची नोकरी असते, कोणाच्या पदरी मूल असते. चार महिने सोडाच, चार आठवडे घर सोडणेही त्यांना अवघड जाते. आणि दोन वर्षांच्या मुक्कामात पहिले वर्ष कॉलेजची घडी समजून घेण्यातच निघून जाते. परदेशातील सत्राची माहिती कानावर येते तेव्हा अर्जाची मुदत टळलेली असते.

तीन वाटा

परदेशी जाण्याच्या साधारणपणे तीन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा उन्हाळ्यातील किंवा हिवाळ्याच्या सुटीतील छोट्या अभ्यासदौऱ्याची. कॉलेजचाच एखादा प्राध्यापक दोन ते सहा आठवडे विद्यार्थ्यांना घेऊन जातो आणि एखाद-दुसरा विषय तेथे शिकवतो. कम्युनिटी कॉलेजांतून परदेशी जाणारे बहुसंख्य विद्यार्थी याच वाटेने जातात.

दुसरी वाट पूर्ण सत्राची. एकट्या कॉलेजला हा व्याप झेपत नाही, म्हणून अनेक कॉलेजे मिळून संघ करतात. उत्तर कॅलिफोर्नियातील काही कॉलेजे अशा रीतीने लंडन, फ्लॉरेन्स, बार्सिलोना अशा शहरांत सत्रे चालवत आली आहेत. इलिनॉयमधील कॉलेजांचा संघ इंग्लंडमधील कॅन्टरबरीला विद्यार्थी पाठवत आला आहे. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत शिकवणारे प्राध्यापक संघातील कॉलेजांचेच असतात; राहण्याची जागा, वर्गखोल्या, विमा, शहरातील प्रवासाचा पास इत्यादी व्यवस्था एखादी खासगी संस्था पाहते.

तिसरी वाट म्हणजे परदेशी विद्यापीठात थेट नाव घालणे. ही सर्वांत भारदस्त वाटते. परंतु ट्रान्स्फरची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी हीच महागात पडण्याचा संभव असतो, आणि त्याचे कारण बारकाईने समजून घेतले पाहिजे.

कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घेऊ, कारण मराठी कुटुंबांची मोठी वस्ती तेथे आहे. राज्यातील विद्यापीठांत ट्रान्स्फर होण्यापूर्वी विद्यार्थ्याने सर्वसामान्य शिक्षणाचे, म्हणजे इंग्रजी, गणित, कला, समाजशास्त्र, विज्ञान असे, ठरावीक विषय पुरे केले तर पुढे ते विषय पुन्हा घ्यावे लागत नाहीत. या चौकटीला 'आयजेटसी' म्हणत. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी तिची जागा 'कॅल-जेटसी' या चौकटीने घेतली आहे. कॉलेजने लंडनमध्ये स्वतःच्या प्राध्यापकाकरवी शिकवलेला कलेतिहासाचा विषय हा कागदोपत्री कॉलेजचाच विषय. तोच क्रमांक, तेच युनिट, गुणपत्रिकेवर तीच नोंद. पुढच्या विद्यापीठाला तो घरी शिकला की लंडनमध्ये, याच्याशी कर्तव्य नसते. उलट, एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आलेला तोच विषय आयजेटसीच्या चौकटीत धरला जात नसे. परभाषेची अट तेवढी त्यातून भागवता येई. म्हणजे चार महिने मेहनत करून परतलेल्या विद्यार्थ्याला तेच विषय पुन्हा शिकण्याची पाळी यायची आणि ट्रान्स्फर एक वर्ष लांबायचे.

म्हणून माहितीपत्रकातील पुलांची आणि घुमटांची छायाचित्रे पाहण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हे क्रेडिट कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? उत्तर 'आपल्याच कॉलेजच्या' असे आले तर पुढचे बोलणे करावे. उत्तर दुसरे काही आले तर समुपदेशकाकडून, आणि शक्य असेल तर ज्या विद्यापीठात जायचे त्या विद्यापीठाकडून, लेखी खुलासा घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कॅलिफोर्नियातील कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालतो हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ते पालकांनीही एकदा उघडून पाहावे.

अभियांत्रिकीवाल्यांची अडचण

मराठी घरांतून कम्युनिटी कॉलेजात जाणारी पुष्कळ मुले संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडे डोळा ठेवून असतात. या सत्रांत शिकवले जाणारे विषय मात्र मुख्यतः इतिहास, साहित्य, कला, समाजशास्त्र, भाषा असे असतात. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि प्रयोगशाळेचे विषय ओळीने, एकामागून एक घ्यावे लागतात. मध्ये एक सत्र खंड पडला की साखळी तुटते. यास्तव या शाखांचे विद्यार्थी परदेशाचा विचारच सोडून देतात.

यावर एक साधा तोडगा आहे, मात्र तो पहिल्याच सत्रात योजावा लागतो. कला आणि समाजशास्त्राचे विषय सोपे म्हणून आधी उरकून टाकण्याचा सल्ला विद्यार्थ्यांना सर्रास मिळतो. परदेशी जाण्याचा मानस असलेल्याने नेमके तेच विषय मागे ठेवावेत आणि गणित-विज्ञानाची साखळी आधी पुढे ढकलावी. असे केले तर तिसऱ्या सत्रात किंवा मधल्या उन्हाळ्यात जे विषय परदेशात शिकवले जातात तेच त्याच्या यादीत शिल्लक असतात. सारे मानव्य विषय पहिल्याच वर्षी संपवून बसलेल्या विद्यार्थ्याला परदेशातील सत्र म्हणजे केवळ खर्च; त्याच्या पदवीत त्याने काहीच भर पडत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सरकारी मदतही अडते.

तिसरे सत्र म्हणजे शरद ऋतूचे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ट्रान्स्फरचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात. त्या विद्यापीठाच्या सहा शाखा कम्युनिटी कॉलेजच्या पात्र विद्यार्थ्याला हमीचा प्रवेश देतात, त्याचा अर्ज तर सप्टेंबरातच करावा लागतो. अर्ज संगणकावरून होतात, त्यामुळे फ्लॉरेन्समध्ये बसूनही ते भरता येतात. पण समुपदेशकाची भेट, गुणपत्रिका, विषयांची छाननी ही कामे निघण्यापूर्वी आटोपलेली बरी.

पैसा कोठून येतो

सरकारी शैक्षणिक मदत परदेशात चालत नाही, असा एक दृढ गैरसमज आहे. १९९२ मध्ये उच्च शिक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ही शंका फेडली आहे. विद्यार्थ्याचे कॉलेज परदेशातील अभ्यासाला क्रेडिट देत असेल तर पेल ग्रँटसह केंद्र सरकारची मदत त्या सत्रासाठी वापरता येते. शिवाय परदेशातील वाजवी जादा खर्च धरून विद्यार्थ्याच्या गरजेचा अंदाज नव्याने मांडण्याची मुभा कॉलेजला आहे. ही विनंती विद्यार्थ्याने स्वतः करावी लागते. कार्यालय आपणहून ती करील अशी अपेक्षा ठेवू नये.

हिशेब करून पाहू. २०२५-२६ साठी पेल ग्रँटची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याला एका सत्राला जास्तीत जास्त सुमारे ३,७०० डॉलर. कॅलिफोर्नियात रहिवाशांसाठी फी २०१२ पासून युनिटला ४६ डॉलर आहे. बारा युनिटांचे सत्र ५५२ डॉलरमध्ये बसते आणि उत्पन्न कमी असलेल्या रहिवाशांना तीही राज्याच्या 'प्रॉमिस ग्रँट'मुळे माफ होते. म्हणजे ग्रँटची बहुतेक रक्कम निवास आणि विमानभाड्यासाठी मोकळी राहते. महागड्या विद्यापीठात तीच ग्रँट फीमध्येच विरघळून जाते. या एका बाबतीत कम्युनिटी कॉलेजचा गरीब विद्यार्थी वरचढ ठरतो.

पण खोच अशी, की ग्रँट सत्र सुरू होण्याच्या दहा दिवस आधीपर्यंत हातात पडू शकत नाही, आणि कार्यक्रमाची अनामत रक्कम मात्र काही महिने आधी भरायची असते. ही मधली पोकळी भरून काढण्याची तजवीज नसल्याने कित्येकांचे बेत बारगळतात. काही संस्था मदतीचे पत्र दाखवल्यास उशिरा पैसे घेतात. तशी सवलत आहे का, हे आधीच विचारावे. दुसरे असे, की पेल ग्रँट आयुष्यात एकूण बारा सत्रांपुरतीच मिळते. पदवीत न धरले जाणारे विषय घेऊन तिचे सत्र खर्ची घालणे परवडणारे नाही, आणि अशा विषयांसाठी ती मुळात मिळूही नये असा नियम आहे.

पेल ग्रँट घेणाऱ्यांसाठीच खास गिलमन शिष्यवृत्ती आहे. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी बेंजामिन गिलमन यांच्या पुढाकाराने २००० मध्ये झालेल्या कायद्यान्वये ती सुरू झाली. ती परराष्ट्र खात्याकडून मिळते. कमाल रक्कम ५,००० डॉलर, आणि हिंदीसारख्या निवडक भाषा परदेशात शिकणाऱ्यास आणखी ३,००० डॉलरपर्यंत. अन्य विद्यार्थ्यांना किमान तीन आठवड्यांची अट असताना कम्युनिटी कॉलेजवाल्यांना दोन आठवड्यांचा कार्यक्रमही चालेल, अशी सूट या शिष्यवृत्तीने अनेक वर्षे दिली. त्यामागे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचाच विचार होता. परतल्यावर आपल्या कॉलेजात किंवा वस्तीत या शिष्यवृत्तीची माहिती पसरवणारा एखादा उपक्रम करावा लागतो. अर्जात निबंधाला मोठे महत्त्व असते. तेथे पर्यटनाची हौस लिहू नये. हा देश का, हे विषय का आणि आताच का, याची साधी, पटणारी उत्तरे लिहावीत.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. २०२५ च्या आरंभी परराष्ट्र खात्याने शैक्षणिक विनिमयाचा निधी काही काळ रोखून धरला होता. त्यामुळे कोणत्याही सरकारी शिष्यवृत्तीवर संपूर्ण बेत उभारण्यापूर्वी त्या वर्षाची घोषणा प्रत्यक्ष झाली आहे का, हे पाहावे. तसेच पुरेसे विद्यार्थी न जमल्याने कार्यक्रमच रद्द होणे ही कम्युनिटी कॉलेजांत नेहमीची गोष्ट आहे. कार्यक्रम पक्का झाल्याचे पत्र येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

पासपोर्ट कोणत्या रंगाचा?

आतापर्यंतचे सारे अमेरिकन नागरिकाला लागू. मराठी कुटुंबांत मात्र एकाच घरात तीन प्रकारची मुले सापडतात: तेथे जन्मलेला नागरिक, ग्रीन कार्डधारक, आणि आईवडिलांच्या एच-१ व्हिसावर अवलंबून असलेले एच-४ मूल. तिघेही एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. परदेशातील सत्राच्या बाबतीत तिघांचे मार्ग अगदी भिन्न आहेत.

नागरिकाला गिलमनसह सर्व दारे खुली. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपर्यंत शिकण्यास त्याला व्हिसा लागत नाही. जानेवारी २०२५ पासून प्रवासापूर्वी 'ईटीए' ही संगणकीय परवानगी मात्र घ्यावी लागते. युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाविना राहता येते, आणि काही कॉलेजांची सत्रे या मर्यादेतच बसवलेली असतात. ग्रीन कार्डधारकाला पेल ग्रँट मिळते, गिलमन मिळत नाही. त्याचा पासपोर्ट भारतीय असल्यास इंग्लंडचा आणि शेंगेनचा व्हिसा त्याला काढावाच लागतो. सहा महिन्यांच्या आत परतल्यास त्याच्या पुढील नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येत नाही.

खरी कसोटी एच-४ मुलांची. केंद्र सरकारची कोणतीही शैक्षणिक मदत त्यांना नाही. शिवाय बाहेर पडणे सोपे, आत येणे कठीण. पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपला असेल तर परत येण्यापूर्वी अमेरिकन वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. पूर्वी तो तिसऱ्या देशात मिळवण्याचा प्रयत्न करता येई. सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने सूचना काढली, की अशा अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. म्हणजे फ्लॉरेन्समधील सत्र संपवून मुलीला आधी मुंबई गाठावी लागणार, मुलाखतीची तारीख मिळवावी लागणार, आणि तेवढ्यात अमेरिकेतील पुढचे सत्र सुरू झालेले असणार. ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज दाखल असताना देश सोडायचा असेल तर वैध एच-४ व्हिसा किंवा आगाऊ प्रवास परवाना हाताशी हवाच. नाहीतर तो अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. एकविसाव्या वर्षी एच-४ दर्जा संपतो, ही टांगती तलवार वेगळीच.

अशा मुलाने परदेशी जाऊच नये असे नाही. शिक्क्याची मुदत परतीच्या तारखेच्या पलीकडे असेल तर तो निर्धास्त जाऊ शकतो. शिक्का संपलेल्यांसाठीही एक फट आहे. मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांपेक्षा कमी काळ जाऊन आल्यास, आय-९४ ची मुदत शिल्लक असेल आणि तेथे नवा व्हिसा मागितला नसेल तर, जुन्या शिक्क्यावरही प्रवेश मिळू शकतो. मेक्सिकोतील तीन आठवड्यांचा स्पॅनिशचा उन्हाळी वर्ग त्यात नीट बसतो. निघण्यापूर्वी वडिलांच्या कंपनीच्या वकिलाला विचारून घेणे मात्र अगत्याचे.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात गेलेल्यांचे निराळे. त्यांच्या आय-२० वर कॉलेजच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही असावी लागते आणि ती वर्षभरापेक्षा जुनी चालत नाही. परदेशातील अभ्यास पाच महिन्यांहून अधिक लांबणार असेल तर त्यांच्या दर्जाचे काय, हे त्या अधिकाऱ्याकडूनच आधी ठरवून घ्यावे लागते. त्यांना फीही परप्रांतीयांच्या दराने, म्हणजे युनिटला ४६ डॉलरच्या कित्येक पट, भरावी लागते. परदेशातील सत्रालाही तोच दर लागतो.

उलट दिशेचाही एक मार्ग होता. २००७ मध्ये परराष्ट्र खात्याने सुरू केलेल्या 'कम्युनिटी कॉलेज इनिशिएटिव्ह' कार्यक्रमातून भारतासह अनेक देशांतील तरुण एक वर्षासाठी अमेरिकन कम्युनिटी कॉलेजात शेती, पर्यटन, माध्यमे, माहिती तंत्रज्ञान अशा विषयांचे प्रमाणपत्र घेऊन मायदेशी परतत. त्यात पदवी मिळत नसे आणि तेथे राहूनही चालत नसे, म्हणून आपल्याकडे त्याचा फारसा बोलबाला झाला नाही.

आणि ज्या मुलांना आजीशी फोनवर बोलता येते पण तिचे पत्र वाचता येत नाही, त्यांनी पुण्याचाही विचार करावा. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज पुण्यात मराठीचे वर्ग चालवत आली आहे. ओसीआय कार्ड असलेल्या अमेरिकन नागरिकाला भारताचा व्हिसा लागत नाही आणि राहायला मामाचे घर असते. क्रेडिटचा प्रश्न तेवढा येथेही सुटत नाही. आपले कॉलेज हे वर्ग परभाषेच्या युनिटांत धरील का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे लागेल, आणि बहुतेक कॉलेजांच्या कार्यालयात मराठीबाबत हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच विद्यार्थी असेल.